हाताला सोसेल इतकं गरम

पेला आपोआप तडकला. कुणी हात लावला नव्हता, टेबलाला कुणाचा गुडघा लागला नव्हता. चहा संपून पाच-सात मिनिटं झाली होती. तळाशी साखरेचा गाळ आणि पुदिन्याचं एक मेलेलं पान उरलं होतं, आणि उस्ता बिशाय समोरच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे बघत बसला होता. तेवढ्यात टिक् असा आवाज झाला. मनगटावरच्या घड्याळाचा असावा एवढाच. कैरोजवळच्या हेलवानच्या त्या कहवाखान्यात सकाळी नऊ वाजता रेडिओ चालू होता, पटावर सोंगट्या आपटत होत्या, बाहेर रोट्यांची परात डोक्यावर घेतलेला सायकलवाला लोकांना शिव्या देत वाट मागत होता. त्या सगळ्या गलक्यातून तो एवढासा आवाज बिशायच्या कानात असा नेमका शिरला की त्याचा हात आपसूक कोटाच्या खिशाकडे गेला. कामाच्या अंगरख्याला तिथं छोटी हातोडी असायची. हा कोट पोराच्या लग्नातला होता आणि त्याच्या खिशात नॅप्थलीनच्या वासाशिवाय काही नव्हतं. पेल्याच्या काठापासून बुडापर्यंत केसाएवढी एक रेघ उतरली होती.

"गेली, गेली!" वाढप्या तोल्बा टाळी वाजवत आला. "पेल्यानं इडापिडा घेतली आणि गेली. तुमच्यावर येणार होतं ते याच्यावर निभावलं, उस्ता. आज काही महत्त्वाचं काम असेल तर बिनघोर जा."

"तू पेले गार पाण्यात बुचकळतोस आणि लगेच वर उकळता चहा ओततोस. माझी इडापिडा तूच आहेस."

"वा! मग ओतताना का नाही फुटला? तुम्ही पिऊन, तोंड पुसून, रिकामा करून ठेवल्यावर का फुटला? तेव्हा तर त्याला काही काम नव्हतं."

प्रश्न बिनतोड होता. कारखान्यातल्या क्रेनच्या अपघाताची चौकशी करणाऱ्या साहेबांना मिळून सात आठवड्यांत जो प्रश्न सुचला नव्हता तो तोल्बानं खांद्यावरचं फडकं झटकता झटकता विचारला होता, आणि विचारून तो दुसऱ्या टेबलाकडे निघूनही गेला होता. बिशायला त्याचं उत्तर ठाऊक होतं. एकतीस वर्षं तो पोलादाला पाणी देत आला होता. लालबुंद गिअर भट्टीतून काढायचा, हौदात बुडवायचा, आणि हौदातून काढल्यावर त्यात जे काही अडकून राहिलं असेल त्याला घाबरून राहायचं, हा त्याचा धंदा. लोकांना वाटतं, गिअर भट्टीत असतो तेव्हा धोका. भट्टीत कसला धोका! भट्टीत पोलाद झोपलेल्या पोरासारखं मऊ असतं. धोका बुडवताना सुरू होतो. बाहेरची कड आधी निवते, आधी कडक होते, आपण आता ठरलो म्हणून बसते. मग मागाहून आतला गाभा निवायला लागतो, आणि हे पोलाद कडक होताना फुगतं, त्याला जागा लागते, पण बाहेरच्यानं दार लावून घेतलेलं असतं. तेलात हे सगळं सावकाश होतं, आतलं आणि बाहेरचं एकमेकांना विचारत विचारत निवतं. पाण्यात कुणी कुणाला विचारत नाही. वरून चाक दिसतं तसंच दिसतं, काळं, ओलं, शहाण्यासारखं. हार्डनेस मोजा, बरोबर भरतो. फक्त आत एक ओढाताण चाललेली असते आणि तिला आवाज नसतो. म्हणून ते चाक हाताला सोसेल इतकं गरम असतानाच उचलायचं आणि दुसऱ्या भट्टीत, मंद भट्टीत, नेऊन ठेवायचं. तिथं दोन तास शेकलं की आतली ओढ सैल पडते. पण ते पुरतं गार होऊ दिलंत, नुसतं फळीवर ठेवून दिलंत, तर कधीतरी, कुणी हातही न लावता, टिक्.

हाताला सोसेल इतकं ही मोजणी कारखान्याच्या कुठल्याच कागदात नव्हती. ती बिशायच्या उजव्या तळव्यात होती. आधीच्या उस्तानं, म्हणजे थोरल्या कारागिरानं, त्याला ती चापट्या मारून शिकवली होती. मग ती इतकी भिनली की तो घरी बायकोनं, दमयानानं, ठेवलेल्या पातेल्याला तळवा लावायचा, पोरांच्या कपाळाला लावायचा आणि ताप अर्ध्या अंशापर्यंत सांगायचा. चर्चमध्ये मेणबत्तीच्या पितळी तबकाला लावून तो एकदा पाद्र्यांना म्हणाला होता, हे आता फडक्यानं धरा. दमयाना थट्टेनं म्हणायची, लग्नात माझा हात हातात घेतलास तेव्हाही तू मला प्रेमानं धरलं नव्हतंस, मोजत होतास. ते खरं होतं. तिचा हात गार होता आणि त्याला काळजी वाटली होती.

आज सकाळी कोट झटकून देताना दमयाना म्हणाली होती, "जे विचारतील तेवढंच बोल. तू एक बोलशील, बाहेर दुसरं होईल. म्हणतील, ख्रिश्चनाच्या हातनं बिघडलं. तुझ्या एकट्याचं नाव नाही निघायचं, या सगळ्या गल्लीचं निघेल." तिनं कॉलरवरचं नसलेलं सूत काढलं. तिचंही खरं होतं. सगळ्यांचंच खरं असतं, हाच तर त्रास.

"काका, बसू?"

शहाता उभा होता. क्रेन चालवायचा तो शहाता. सात आठवड्यांपूर्वीपर्यंत हा माणूस चाळीस फुटांवरच्या केबिनमधून खालच्या पोरींच्या नावानं शिट्ट्या घालायचा आणि जेवणाच्या सुट्टीत हुकाला दोरीनं डबा बांधून वर ओढून घ्यायचा. आता त्याला कामावरून घरी बसवलं होतं आणि तो गल्लीत भिंतीच्या कडेकडेनं चालत होता. दाढी वाढलेली, पायांत घरातल्या सपाता. तो बसला आणि त्यानं तडकलेला पेला उचलून उजेडात धरला, जणू तो बघायलाच आला होता.

"आज तुम्हाला बोलावलंय ना?"

"अकरा वाजता."

"उद्या कागद सरकारी वकिलाकडे जाणार म्हणे. जादा वजन उचललं, निष्काळजीपणा, माणूस दगावला. तीन वर्षं तरी, असं माझा मेव्हणा म्हणतो. त्याला काय कळतंय म्हणा, बस चालवतो तो." शहाता हसला, पण मध्येच थांबला. "काका, मी साडेचार टन उचललं होतं. पाचाची क्रेन आहे. अतेयानं, गेला त्यानंच, खालून मला साडेचार अशी खूण केली होती. अशी." त्यानं चार बोटं दाखवली आणि अंगठा आडवा मोडला. "रोज रात्री तोच हात डोळ्यांसमोर येतो. पण परवापासून कसं झालंय सांगू? त्या हाताला कधी कधी पाच बोटं दिसतात, कधी सहा. आता मलाच वाटायला लागलंय, असतील सहा टन. सगळे एवढं म्हणतात तर असतीलच."

बिशायनं त्याच्या हातातला पेला काढून घेतला. "बोट कापेल," तो म्हणाला. त्यानं शहातासाठी चहा मागवला आणि तोल्बाला ओरडून सांगितलं, "पेला आधी गरम पाण्यातनं काढ." शहाता चहाची वाट बघत मान खाली घालून बसला. सहा टन. माणसाला आधी बाहेरून कडक करायचं आणि मग आतून त्यानं स्वतःच दाबायला लागायचं. बिशायला शहातापेक्षा त्या सहाव्या बोटाची जास्त भीती वाटली. अतेया मेला होता, त्याला मातीत ठेवून झालं होतं. बिशाय त्याच्या दुखवट्याच्या मांडवात बसून कडू कॉफी पिऊन आला होता, कुराणाचं पठण ऐकत, हात मांडीवर ठेवून. पण शहाताला अजून मातीत ठेवायचा होता, आणि तो स्वतःच खड्डा खणायला मदत करत होता.

कारखान्याकडे जाताना बिशाय मुद्दाम लांबच्या रस्त्यानं गेला. सिमेंटच्या धुळीनं पांढरी झालेली निलगिरीची झाडं, त्यांच्याखाली बाकल्याच्या दाण्यांचे वडे तळणारी गाडी, तेलाचा वास. तेल. अपघाताआधीच्या वसंतात तेल नव्हतं. तेलाचा हौद उपसून गाळ काढायला घेतला होता आणि नवं तेल बंदरात अडकलं होतं. क्रेनच्या सहा पिनियन मात्र तातडीच्या होत्या. पिनियन म्हणजे नारळाएवढं दातेरी चाक. सगळं वजन शेवटी त्याच्या दोन-तीन दातांवर तोललेलं असतं, आणि हे कुणाला माहीत नसतं म्हणूनच माणसं हुकाखालून शीळ घालत जाऊ शकतात. उत्पादन विभागाचे मुख्य इंजिनियर हिल्मी साहेब स्वतः हौदापाशी आले होते. बिशाय म्हणाला होता, "साहेब, हे पोलाद तेलाचं आहे. पाणी याला मानवायचं नाही." हिल्मी साहेब म्हणाले होते, "उस्ता, पोलादाला विचारून आपण कारखाना चालवत नाही. पाण्यात करा आणि लगेच दुसऱ्या भट्टीत घाला. लगेच, असं कागदावर लिहून देतो." आणि खरंच लिहून दिलं होतं. साहेब लोक असं लिहून देतात तेव्हा ते आपल्याला काही देत नसतात, स्वतःकडचं काही काढून आपल्याकडे ठेवत असतात, हे बिशायला तेव्हाही कळलं होतं. त्यानं सही केली होती.

त्या वर्षी दोन्ही उपास एकत्र आले होते, मुसलमान कामगारांचा रमजान आणि बिशायचा ईस्टरआधीचा मोठा उपास. एकतीस वर्षं चालत आलेली पद्धत अशी, की सूर्य मावळायच्या आधी दहा मिनिटं सगळे मुसलमान कामगार हातपाय धुवून अंगणात जमायचे आणि ख्रिस्ती असतील ते भट्ट्या राखायचे. याच्या बदल्यात नाताळला आणि ईस्टरला ते भट्ट्या राखायचे. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी लिहून दिलं नव्हतं, म्हणूनच ते इतकी वर्षं चाललं होतं. उष्णता विभागात ख्रिस्ती बिशाय एकटाच. म्हणून रमजानमध्ये रोज संध्याकाळी तो तास त्याचा असायचा. भट्टीचा घुमारा आणि बाहेरून येणारे भांड्यांचे, हशाचे, पाणी ओतल्याचे आवाज. तो तास त्याला आवडायचा असं तो सांगायचा. खरं तर त्या तासात त्याला नेहमी एक बारीकसं काही व्हायचं, दारात उभ्या राहिलेल्या माणसाला होतं तसं. पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं आणि त्याला नावही नव्हतं.

फोरमन मितवल्ली त्याचा जोडीदार. दोघं एकाच वर्षी लागलेले, दोघांची पोरं एका शाळेत शिकलेली, दोघांचा रक्तदाब एकाच डॉक्टरकडे. मितवल्लीला बायपास होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. त्या संध्याकाळी सहावी पिनियन पाण्यातून निघाली, सहाही जाळीवर वाफाळत होत्या, आणि दुसरी भट्टी अजून तापायची होती. दुपारी वीज गेली होती, अजून वीस मिनिटं तरी लागली असती. तेव्हा मितवल्ली आला.

"चल रे म्हाताऱ्या. पान मांडलंय."

"डोकं फिरलंय का तुझं? हे बघ काय पडलंय समोर."

"पडू दे. एकतीस वर्षं आम्ही खाल्लं आणि तू आमच्या पाठीमागं उभा. पुढच्या रमजानला आपण दोघंही घरी. डॉक्टरनं माझी छाती उघडली ना, तेव्हा गुंगीत जाताना मला काय आठवलं सांगू? माझी बायको नाही आठवली, हरामखोरा, तू आठवलास. इथं उभा, एकटा. म्हटलं, जगलो तर एकदा याला पानावर बसवीन. चल, नाहीतर मी इथंच आडवा होतो."

"मला उपास आहे, मितवल्ली. तूप नाही, मटण नाही, अंडं नाही, दूध नाही."

"माहितीय, माहितीय. आम्हाला दिवसभर पाणी चालत नाही आणि तुला तूप चालत नाही. देवानं आपल्याला वाटणी करून दिलीय. खजूर तर चालतो?"

आणि त्यानं हात धरला. लहान पोराला ओढतात तसा ओढला. बिशायनं मागं वळून जाळीकडे बघितलं होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. वीस मिनिटं. वीस मिनिटांत आलो. अंगणात पत्र्यावर वर्तमानपत्रं पसरलेली होती. तो बसल्यावर एकदम गलका झाला, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, "उस्ता आला, उस्ता आला, आज भट्टी कोण राखणार, सैतान?" रेडिओवर उपास सुटल्याची तोफ झाली आणि सगळ्यांचे हात एकाच वेळी पाण्याकडे गेले. त्याचाही गेला. एवढंच. त्या एका क्षणात तो दारातून आत आला होता. मग मितवल्लीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. मुलूखियाच्या पालेभाजीची वाटी, सशाचं मटण याच्यापुढून फिरून गेलं. याच्यापुढं खजूर, जर्दाळूचं सरबत, मग चहा, मग अतेयाची गोष्ट. हो, तोच अतेया. सासऱ्याला गाढव विकून तेच गाढव रंगवून परत त्यालाच विकल्याची गोष्ट. सगळे इतके हसले की मितवल्लीनं छातीवर टाक्यांच्या जागी हात धरला. वीस मिनिटं झाली हे बिशायला कळलं होतं. चाळीस झाली तेही कळलं होतं. उठायला हवं, असं शरीरातला प्रत्येक सांधा म्हणत होता आणि गुडघ्यावरचा तो हात उठू देत नव्हता. खरं बोलायचं तर हातानं काहीच अडवलं नव्हतं. नुसता ठेवलेला हात तो. उबदार.

तो परत गेला तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. दुसरी भट्टी तापून, लाल दिवा लावून कधीची वाट बघत होती. त्यानं पहिल्या पिनियनवर तळवा ठेवला. गार. दुसरी, गार. सहाही, फरशीसारख्या. तेलातून काढलेल्या असत्या तर त्यांनी तासाभराचा राग धरला नसता. त्यानं त्या मुकाट्यानं भट्टीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एकेक टांगून हातोडीनं वाजवली. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं आणि आवाज लांबवर जाऊन विरतो, तडा गेलेलं लवकर गप्प होतं. पाच पिनियन वाजायला हव्या तशा वाजल्या. चौथी मात्र किंचित, एखाद्या श्वासाइतकी, आधी थांबली. किंवा थांबली नाही. त्यानं परत वाजवली. शेजारी ग्राइंडर सुरू झाला होता. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा त्याला हवा तो आवाज आला. माणसाला हवा तो आवाज तिसऱ्यांदा येतोच. त्यानं ठसा उचलला आणि सहाही चाकांवर आपलं अक्षर उमटवलं.

सहा महिन्यांनी शरद ऋतूत, मंगळवारी दुपारी, ती चौथी पिनियन क्रेनवर तुटली आणि हुकावरचं वजन खालच्या अतेयावर आलं. धावत गेलेल्या गर्दीत बिशायही होता. सगळे अतेयाकडे गेले. याचे डोळे मात्र आधी जमिनीवरच्या त्या अर्ध्या चाकाकडे गेले, आणि ही गोष्ट त्यानं आजपर्यंत दमयानालाही सांगितलेली नव्हती. तुटलेलं पोलाद आत करड्या साखरेसारखं चमकत होतं, पण दाताच्या बुडाशी नखाएवढी एक निळसर-काळी चंद्रकोर होती. तडा चाक तुटताना गेला असता तर तोही चमकला असता. निळा रंग दुसऱ्या भट्टीतच चढतो. म्हणजे भट्टीत जाण्याआधीच तडा होता. म्हणजे त्या तासात. सरबत आणि गाढवाच्या गोष्टीच्या मध्ये केव्हातरी रिकाम्या शेडमध्ये टिक् झालं होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं.

कचेरीच्या जिन्याखाली लोखंडी बाक होतं आणि त्यावर मितवल्ली बसला होता. त्याला आज बोलावलेलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तो निवृत्त होणार होता. या सात आठवड्यांत दोघं एकमेकांशी बोलले होते ते रक्तदाबाबद्दल, लिंबांबद्दल, मितवल्लीच्या नातवाच्या दाताबद्दल. तो तास दोघांच्या मध्ये होता आणि दोघंही त्याला वळसा घालून चालत होते. फोरमनच्या परवानगीशिवाय कुणी भट्टी सोडत नाही, हा नियम होता. फोरमननंच हात धरून नेल्यावर काय करायचं याचा नियम नव्हता.

"खाल्लंस काही?" मितवल्लीनं विचारलं.

"चहा घेतला."

"रिकाम्या पोटी वर जाऊ नकोस. साहेब लोक वास घेतात." त्यानं हसायचा प्रयत्न केला. मग बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाला, "बिशाय." बिशाय दोन पायऱ्या चढून थांबला, वाट बघितली, आणि वर गेला.

वर टेबलामागं तिघं होते. मधोमध समितीचे अध्यक्ष, म्हणजे हिल्मी साहेबच. पाणी ज्यांनी लिहून दिलं त्यांनाच पाण्याची चौकशी दिली होती, पण यात कुणाला विनोद दिसत नव्हता. एका बाजूला कायदा खात्याचा माणूस, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारा कारकून. टेबलावर मळक्या कापडावर चाकाचे दोन तुकडे.

"या उस्ता, बसा. पाच मिनिटांचं काम आहे," हिल्मी साहेब म्हणाले. "हा ठसा तुमचा?"

"माझा."

"हार्डनेस पन्नास भरलाय. नकाशात पन्नासच मागितलाय. म्हणजे चाक नियमाप्रमाणे होतं. बरोबर?"

बरोबर होतं. नुसतं बरोबर म्हणायचं, सही करायची, खाली जाऊन मितवल्लीबरोबर लिंबांबद्दल बोलायचं. कारकुनाचं पेन आधीच पुढच्या ओळीवर जाऊन थांबलं होतं. बिशायला वाटलं, आपण कितीतरी महिने असेच आहोत, वरून पन्नास. त्यानं विचारलं, "हात लावू का?" आणि उत्तराची वाट न बघता मोठा तुकडा उचलला. तळव्याला तो गार लागला. दुसरं काही लागणार नव्हतंच, पण तळव्याला सवय असते.

"हार्डनेस बरोबर आहे," तो म्हणाला. "चूक हार्डनेसमध्ये कधीच दिसत नाही, साहेब. इथं दिसते. ही निळी कोर बघा."

"तेलाचा डाग असेल."

"पुसून बघा."

कायदा खात्याच्या माणसानं रुमालाला थुंकी लावून खरंच पुसून बघितलं. डाग गेला नाही. तो पहिल्यांदाच खुर्चीत पुढं सरकला. "म्हणजे काय?"

"म्हणजे चाक क्रेनवर चढलं तेव्हा आधीच चिरलेलं होतं. शहातानं साडेचार टन उचललं असेल किंवा तीन, ते कधीतरी तुटणारच होतं."

हिल्मी साहेबांनी चष्मा काढला. ते मऊ आवाजात बोलले, आणि तो आवाज कारखान्यात सगळ्यांना माहीत होता. "उस्ता, जपून बोला. पाण्याचा हुकूम कागदावर आहे आणि तो माझा आहे, हे मी नाकारत नाही. पण त्याच कागदावर 'लगेच दुसऱ्या भट्टीत' असंही आहे. आणि खाली सही तुमची आहे."

"होय साहेब. पाणी तुमचं. तास माझा. दोन्ही लिहा."

"कुठला तास?"

"रमजान होता. भट्टी तापायची होती. मी चाकं जाळीवर ठेवून अंगणात जेवायला गेलो. एक तास दहा मिनिटं. आलो तेव्हा ती गार झाली होती. दुसऱ्या दिवशी चौथ्या चाकाचा आवाज मला बरा वाटला नाही, तरी मी ठसा मारला."

कारकून लिहीत होता. कायदा खात्याच्या माणसानं मान वर केली. "ख्रिश्चन ना तुम्ही? मग रमजानच्या पानावर? फोरमनची परवानगी होती का? कुणी बोलावलं तुम्हाला?"

प्रश्न साधा होता आणि खरं उत्तर जिन्याखाली बसलं होतं. बिशायला गुडघ्यावर तो हात जाणवला, वजनासकट. बोलावलं म्हणावं तर तो हात गुन्हा होणार, कागदावर चढणार, त्याला कलम लागणार, एकतीस वर्षांत एकदाच आत घेतल्याचं कलम.

"कुणी नाही," तो म्हणाला. "भूक लागली होती."

कारकुनानं लिहिलं. *भूक लागल्याने जागा सोडली.* वाचून दाखवलं. कागदावर ते इतकं क्षुद्र दिसत होतं की हिल्मी साहेबांनाही क्षणभर त्याच्याकडे बघवलं नाही. बिशायनं सही केली. तुकडे तपासणीसाठी कैरोच्या प्रयोगशाळेत जातील, शहाताचा कागद तोवर थांबेल, आणि तुमच्याबद्दल काय ते कळवू, असं त्याला सांगण्यात आलं. शहाताचा कागद थांबेल एवढंच त्यानं ऐकलं.

तो खाली आला तेव्हा मितवल्ली त्याच जागी होता, जणू कुणी त्याला बोल्टनं आवळून ठेवलं होतं.

"काय सांगितलंस?"

"सगळं. निळी कोर दाखवली. जेवायला गेलो होतो म्हणालो."

"कुणी नेलं, विचारलं असेल."

"विचारलं. म्हटलं कुणी नाही, भूक लागली होती."

समोरून फोर्कलिफ्ट गेली, चालवणाऱ्यानं दोघांना हात केला, दोघांनीही केला. मग मितवल्ली खालच्या आवाजात, भांडल्यासारखा बोलला. "भूक? तुला? तीन खजूर खाल्लेस तू. तीन. मी बघत होतो सारखा, काही घेतोय की नाही म्हणून. सरबत अर्धं ठेवलंस." त्याचा श्वास लागला. "माझं नाव खजुराएवढंही नाही आलं तुझ्या तोंडात?"

"तुझी छाती उघडलीय, मितवल्ली."

"माझी छाती गेली खड्ड्यात!" तो उठला. एक हात कठड्यावर, एक छातीवर, जिथं टाके होते. आणि जिना चढू लागला. बिशाय त्याला थांब म्हणाला नाही आणि जा म्हणाला नाही. तो बाकावर बसला. बसताना त्याचा तळवा नेमका त्या जागी टेकला जिथं इतका वेळ मितवल्ली बसला होता. लोखंड अजून उबदार होतं, हाताला सोसेल त्याहून कितीतरी कमी, तरी गार झालेलं नव्हतं. वर पावलं वाजत होती, एक, दोन, मग दम, मग एक. मधल्या टप्प्यावर ती थांबली. दार वाजलं नाही, आणि पावलं परत खालीही आली नाहीत. लोखंड निवत चाललं होतं. बिशायनं हात उचलला नाही.